पांग न फेडता

डिसेंबर लागला की इंग्रजी वाचणाऱ्यांच्या फोनवर एका ठरावीक प्रकारच्या कादंबऱ्यांच्या शिफारशी येऊ लागतात. मुखपृष्ठावर बर्फ, खिडकीत पिवळा उजेड, दारावर हिरवी माळ. गोष्टही साधारण ठरलेली असते. मुलगी शहरात, आई गावी. दोघींचं काही वर्षांपूर्वी बिनसलेलं. कुणाच्या तरी आजारपणामुळे, नाहीतर घर विकायचं निघाल्यामुळे, मुलगी नाताळच्या आठवड्यात घरी येते. पुढची दोनशे पानं टोमणे, धुसफूस, आपटलेली दारं. मग माळ्यावरच्या पेटीत एक जुनं पत्र सापडतं. आईने तेव्हा जे केलं त्याला कारण होतं, हे त्या पत्रातून कळतं. मुलगी रडते, आई रडते, वाचणाराही रडतो. लांब कुठेतरी चर्चची घंटा वाजते.

अशा गोष्टींना नाकं मुरडायचं काही कारण नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही एवढाच फरक. अकोला-अमरावतीत डिसेंबर म्हणजे कापसाचा दुसरा-तिसरा वेचा, तुरीच्या शेंगा, सकाळची हुडहुडी, आणि मिशनच्या जुन्या चर्चवर लागलेल्या कागदी चांदण्या. मायलेकींचं बिनसणं मात्र इथेही तेवढंच आहे. मला खटकतं ते पेटीतलं पत्र.

ते पत्र नेमकं काय करतं? आईला निर्दोष ठरवतं. पुरावा उशिरा हाती आला आणि आरोपी सुटला, असं ते आहे. ही चांगलीच गोष्ट आहे, पण हा न्याय झाला. आणि या कादंबऱ्यांच्या मलपृष्ठावर शब्द असतो ‘ग्रेस’, मराठीत कृपा. निर्दोष माणसाला जवळ घ्यायला कृपा कशाला लागते?

शिवाय बहुतेक घरांमध्ये पेटी असते, पत्र नसतं. आईने पुण्याला जाऊ दिलं नाही, कारण ती घाबरली. मुलगी सहा महिने फोनवर ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ एवढंच बोलली, कारण ती चिडली होती. याच्या पलीकडे काही गुपित नसतं. मग अशा दोघींनी काय करायचं? जिथे निर्दोष सुटका होण्यासारखं काहीच नाही, तिथे एकमेकींना जवळ घेता येतं का? आणि घ्यावं का?

दोन वह्या

आईबद्दल बोलताना मराठी माणूस बरेचदा कर्जाची भाषा वापरतो. आईचे पांग फेडायचे असतात. दुधाचं ऋण असतं. उपकार असतात आणि ते सात जन्म फिटत नाहीत. ऐकायला हे सगळं गोड वाटतं. पण जे कधीच फिटत नाही असं कर्ज डोक्यावर घेऊन जगणारी माणसं कशी दिसतात, हे वऱ्हाडात कुणाला वेगळं सांगायची गरज नाही.

समजा, अमरावतीत रूम करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी आहे. आई दर्यापूरकडच्या एखाद्या गावात. क्लासच्या फीसाठी आईने गळ्यातली पोत मोडली आहे. वेचणीच्या दिवसांत ती किलोच्या भावाने दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाते, संध्याकाळी बोटांच्या टोकांना बोंडांची टोकं लागून रक्त येतं. हे सगळं तिच्या वहीत लिहिलेलं आहे. ती वही ती रोज उघडत नाही, पण भांडण झालं की उघडते: “तुझ्यासाठी काय काय केलं, तुले काय माहीत.”

मुलीकडेही वही आहे. भावाला न मागता गाडी मिळाली, मला सहलीला जायला आठ दिवस विनवण्या कराव्या लागल्या. आर्ट्सला जायचं होतं, सायन्स घ्यायला लावलं. चुलतबहिणीच्या लग्नात चार बायांसमोर माझ्या रंगावरून बोलली. तीही वही रोज उघडली जात नाही, पण भांडणात उत्तर तयार असतं: “मी म्हटलं होतं का, माझ्यासाठी कर म्हणून?”

अडचण अशी, की दोन्ही वह्या खऱ्या आहेत. एकीतही खोटी नोंद नाही. आणि एका वहीतली रक्कम दुसरीत वळती करता येत नाही. पोत मोडली म्हणून चार बायांसमोरचा अपमान वजा होत नाही. अपमान झाला म्हणून पोत परत येत नाही. असे हिशोब वर्षानुवर्षं चालतात, कारण ते जुळण्यासारखे नसतातच.

अशा वेळी ‘माफ करून टाक’ म्हणतात. माफी हा शब्द आपल्या भागात बहुतेक वेळा ‘कर्ज’ या शब्दाला जोडूनच ऐकू येतो, म्हणून माफीचा स्वभावही आपल्याला ठाऊक आहे. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत संपूर्ण माफीसाठी दोन हेक्टरची मर्यादा होती. कोरडवाहू वऱ्हाडात जमीन जरा जास्त पण उत्पन्न कमी, त्यामुळे अनेकांच्या वाट्याला पूर्ण माफी आली नाही. २०१७ ची योजना दीड लाखापर्यंत, २०१९ ची दोन लाखांपर्यंत. प्रत्येक वेळी निकष, याद्या. पात्र कोण, अपात्र कोण. सरकारी पैशाचं वाटप असंच व्हायला हवं, त्यात गैर काही नाही. पण माफीची रीत यातून कळते: माफी आधी तपासते, मग देते. चूक किती होती, पश्चात्ताप झाला का, पुन्हा करणार नाही ना?

आई-मुलीतही आपण हेच करतो. “तिने आधी कबूल करावं, मग मी बोलेन.” दोघीही यादी लागायची वाट बघत बसतात.

सावकाराचा नाताळ

ख्रिस्ती परंपरेत पाप आणि कर्ज हे शब्द अगदी जवळ राहतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांना शिकवलेली जी प्रार्थना आहे, तिच्या मराठी भाषांतरातही अपराधांसाठी ‘ऋण’ हाच शब्द येतो. आणि नाताळच्या गोष्टींमधली सर्वांत गाजलेली गोष्ट कुणाची? एका हिशोबी माणसाची. चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १८४३ च्या डिसेंबरात आलं. त्यातला स्क्रूज दिवसभर पेढीवर बसून येणं-देणं बघणारा माणूस आहे. एका रात्रीत त्याला जे मिळतं, त्यासाठी त्याने काहीही केलेलं नाही. तो कुठल्याच यादीत पात्र ठरला नसता.

कृपेची व्याख्या करायची तर इथूनच करता येते. माफी हिशोब तपासून खातं बंद करते. कृपा हिशोब न तपासता हात पुढे करते. म्हणूनच ती न्यायी माणसांना जरा अन्यायाची वाटते. बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप धावत जाऊन परतलेल्या मुलाला मिठी मारतो, आणि घरी राबणारा थोरला चिडतो. थोरल्याचं म्हणणं खरंच आहे. त्याच्या वहीत एकही चूक नाही.

पण त्या गोष्टीत एक माणूस दिसत नाही. बाप आहे, दोन मुलगे आहेत, चाकर आहेत. आई नाही. गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात सांगितली गेली तेव्हाचं जग बापांचं होतं, हे कारण झालंच. मला मात्र आणखी एक कारण सुचतं. बापाने धावत जाणं ही बातमी होते. आई धावत गेली असती तर कुणी गोष्ट सांगितली असती का? आईने धावायचंच असतं, असं आपण धरून चाललेलो असतो. आईची कृपा ही तिची ड्यूटी होऊन बसलेली आहे, त्यामुळे ती मोजलीच जात नाही. आणि ज्या दिवशी ती धावत नाही, त्या दिवशी तो गुन्हा ठरतो.

माउलीची लेक

आपल्या संतांनी देवाला आई म्हटलं. विठ्ठल माउली, ज्ञानेश्वर माउली. देव कसा असावा, तर आईसारखा. फार सुंदर कल्पना आहे. पण आपण ती उलटी फिरवली आणि आईने देवासारखं असावं असं म्हणू लागलो. तिथे गडबड झाली. देवाला कुणी क्षमा करत नाही; तशी वेळच येत नाही. आईला देव्हाऱ्यात बसवलं की तिच्या चुकीला जागाच उरत नाही. मग चूक दिसली की मूर्ती भंगते. मधला पर्याय, म्हणजे ‘ही एक माणूस आहे, हिचं चुकलं, तरी ही माझी आहे’, हा शिल्लक राहत नाही.

याच मातीत या नात्याकडे फार वेगळ्या तऱ्हेने बघणारा एक माणूस होऊन गेला. गुलाबराव महाराज. जन्म १८८१, अमरावतीजवळ लोणी टाकळीला; वाढले चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानला. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९१५ मध्ये ते वारले, तोवर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ झाले होते. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवून घेत. एक कुणबी घरातला, अंध, पुरुष, सहाशे वर्षांपूर्वी समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांची लेक होतो. जात, देह, काळ, यातलं काहीही आड येत नाही.

मी इथे त्यांच्या भक्तीची चिकित्सा करत नाही. मला त्यातली नात्याची रीत महत्त्वाची वाटते. तिथे पात्रतेची यादी नाही. लेक होण्यासाठी काही सिद्ध करावं लागलेलं नाही, आणि माउली म्हणवून घेणाऱ्यालाही काही चुकवावं लागलेलं नाही. नातं आधी आहे. बाकीचं सगळं नंतर.

घरात जन्मलेल्या लेकीला मात्र हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते. कारण तिच्याकडे वही आहे.

चाळीस वर्षांचा राग

मायलेकींची आणि नाताळची मराठी वाचकाला सर्वांत ओळखीची असलेली कादंबरी म्हणजे ‘चौघीजणी’. लुइसा मे अल्कॉटची ‘लिटल विमेन’ १८६८ मध्ये अमेरिकेत आली, आणि शान्ता शेळके यांच्या अनुवादाने ती आपल्या घरात आली. अनेकांनी ती शाळेच्या लायब्ररीतून वाचली असेल, काहींनी २०१९ चा ग्रेटा गर्विगचा सिनेमा पाहिला असेल. गोष्ट नाताळच्या तोंडावर सुरू होते. वडील युद्धावर, घरात चणचण, चार बहिणी भेटवस्तू नाहीत म्हणून खट्टू. नाताळच्या सकाळी आई त्यांना विचारते, आपली न्याहारी शेजारच्या उपाशी कुटुंबाला द्याल का? त्या देतात.

एवढंच असतं तर ती आणखी एक गोड गोष्ट झाली असती. पण पुढे एक प्रकरण आहे. ज्यो धाकट्या एमीला नाटकाला नेत नाही. एमी रागाने ज्योच्या गोष्टींची वही, तिची कित्येक वर्षांची मेहनत, चुलीत घालते. ज्यो म्हणते, मी कधीच क्षमा करणार नाही. आई समजावते, तरीही नाही. दुसऱ्या दिवशी बर्फावर खेळायला गेल्यावर एमी मागून येते आहे हे ज्योला कळतं, मधला बर्फ पातळ आहे हेही कळतं, आणि रागापायी ती सावध करत नाही. एमी पाण्यात पडते. कशीबशी वाचते.

त्या रात्री ज्यो आईपाशी रडते. स्वतःच्याच रागाची तिला भीती वाटू लागलेली असते. इथे आई काय करते ते बघा. ती उपदेश करू शकली असती. ‘मी सांगितलं होतं’ म्हणू शकली असती. ती मुलीला सांगते की माझा स्वभावही तुझ्यासारखाच आहे. मी जवळजवळ रोज रागावलेली असते. चाळीस वर्षं प्रयत्न करते आहे, तेव्हा कुठे तो दाबायला जमलं. न वाटायला कदाचित आणखी चाळीस लागतील.

ज्योला धक्का बसतो. तिच्या डोळ्यांसमोरची आई शांत, सोशीक, जवळपास देवी. त्या देवीने स्वतः देव्हाऱ्यातून उतरून सांगितलं, की मीही तुझ्यासारखीच. कुठलंही जुनं पत्र सापडलेलं नाही. कुणाची निर्दोष सुटका झालेली नाही. उलट दोन दोषी माणसं शेजारी बसली आहेत. आणि तरी, खरं तर म्हणूनच, त्या रात्री ज्योला आई पहिल्यांदा मिळते.

मला वाटतं कृपेची सुरुवात इथे होते. आई मोठेपणाने क्षमा करते तेव्हा ती अजून वरच असते. ती आपला दोष मुलीच्या हाती ठेवते तेव्हा दोघी एका पायरीवर येतात. आता मुलीकडेही देण्यासारखं काहीतरी आहे. कृपा वरून खालीच वाहते असं नाही. मुलीकडूनही आईकडे जाऊ शकते. त्यासाठी आई माणूस असावी लागते.

कुणाचीच चूक नसते तेव्हा

अजून एक अवघड जागा आहे. कधी कधी जखम असते आणि गुन्हेगार नसतो.

पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमाही १८८१ चीच. ती वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा वडील वारले. १८८३ मध्ये रमाबाई तिला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या, त्याच वर्षी दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढे मनोरमाला धर्म कसा आणि किती शिकवावा यावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांच्यात चांगलाच वाद झाला. त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. आई म्हणून मुलीच्या श्रद्धेवर बाहेरच्यांचा हक्क त्यांना मान्य नव्हता. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, विधवांच्या शाळेसाठी भाषणं देत, पैसे जमवत फिरल्या. त्या काळात लहान मनोरमा वाँटेजच्या सिस्टरांपाशी होती. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी आपल्या शेजारच्या मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं.

आता दोन वह्या मांडून बघा. आईची वही: एकटीने, विधवेने, परक्या देशात तुला वाढवलं. मुलीची वही: तू शेकडो मुलींची आई झालीस, मला समुद्रापलीकडे ठेवून. दोन्ही नोंदी खऱ्या ठरल्या असत्या, आणि चूक कुणाचीच नव्हती. इथे माफीला करण्यासारखं कामच नाही, कारण अपराध नाही. न्यायालाही नाही. झालेलं नुकसान मात्र खरं आहे. मनोरमा शिकून मोठी झाली, परतली आणि आईच्याच कामात उभी राहिली. १९२१ च्या जुलैत ती गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या.

आपल्या घरांमध्येही बहुतेक दुखणी याच जातीची असतात. दिवसभर राबून आलेल्या आईकडे मुलीचं ऐकायला वेळ नव्हता. हा गुन्हा कुणाचा? कापसाच्या भावाचा? पावसाचा? आरोपी शोधत बसलं तर आयुष्य जाईल. ज्याचा कुणीच देणेकरी नाही असं दुःख हलकं करायला कृपेशिवाय दुसरं काही हाताशी नसतं.

पण ‘समजून घे’ म्हणजे काय?

इथे तुमच्यातल्या काहीजणी थांबल्या असतील, आणि बरोबर थांबल्या आहेत. “आईच ती, समजून घे” हे वाक्य मुलींना गप्प करायला किती वापरलं जातं! शिक्षण सोडायला लावलं, समजून घे. लग्न ठरवून टाकलं, समजून घे. हात उगारला, समजून घे. कृपेचा उपदेश जर दरवेळी दुबळ्यालाच केला जात असेल, तर ती कृपा नसते, ती वसुली असते.

म्हणून दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. एक, कृपा मागून घेता येत नाही. आईने मुलीकडे किंवा मुलीने आईकडे ‘मला कृपा दाखव’ असा हक्क सांगितला, की तिचं पुन्हा कर्ज होतं. आणि तिसऱ्या माणसाने, मामाने, शेजारणीने, माझ्यासारख्या लिहिणाऱ्याने, ती कुणावर लादणं तर त्याहून वाईट. दोन, कृपा म्हणजे होकार नव्हे. “हे लग्न मी करणार नाही” हे ठाम सांगूनही आईच्या भीतीकडे मायेने बघता येतं. जिथे मारहाण आहे, कोंडून ठेवणं आहे, तिथे आधी बाहेर पडायचं. माया वगैरे नंतर, जमली तर, आणि लांबूनही. कृपा हिशोब सोडते, हद्द सोडत नाही.

मग उरतं काय? उरतात ती हजारो साधी घरं, जिथे कुणी राक्षस नाही आणि कुणी देवी नाही. जिथे आई-मुलगी एकमेकींच्या स्टेटसवरून एकमेकींचा मूड ओळखतात, आणि फोन मात्र कुणी करत नाही. तिथे आधी कुणी बोलायचं, हा प्रश्न उरतो. न्यायाने बघितलं तर जिची चूक जास्त तिने. पण हे ठरवायचं तर पुन्हा वह्या काढाव्या लागतील. कृपेने बघितलं तर उत्तर साधं आहे: जिला जमेल तिने. आणि जिला जमलं, तिने ‘मी आधी केला होता’ ही नोंद आपल्या वहीत करायची नाही. अवघड भाग खरं तर हाच आहे.

वऱ्हाडी बोलीने आपल्याला या बाबतीत एक शहाणपण देऊन ठेवलंय. इथे आईला ‘माय’ म्हणतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण घरातली मोठी बाई रुसलेल्या लहानग्या पोरीलाही तेच म्हणते: “काहून बोलून नाही राहिली वं माय?” आई लेकीला माय म्हणते. कोण कुणाचे पांग फेडणार, हा प्रश्न त्या एका हाकेत मिटतो. दोघीही माय, दोघीही लेक.

अशी हाक फोनवर येते तेव्हा ती बहुतेक वेळा माफीसारखी दिसत नाही. “जेवली काय?” एवढंच असतं. तिच्यात कबुली शोधू नका, ती नसेल. तिला उत्तर द्यायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. द्यावंसं वाटलं, तर फक्त जेवणाचंच सांगा. काय जेवलात ते सांगा, आणि तिला विचारा.